दाराशी उभा राहिलेला राजा

जगदाळे बेनजींना काही सांगायचं असलं की त्या आधी समोरच्याच्या हातावर तांदळाचे चार दाणे ठेवत. मग ती श्रावणातली कहाणी असो, शेजारणीचं भांडण असो, नाहीतर स्वतःची गुडघेदुखी. देवासला माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी ते नुकतंच माझ्या हवाली केलं होतं तेव्हाची गोष्ट. एक उंच, सडसडीत बाई काउंटरशी आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी पर्स उघडली. मला वाटलं, पैसे काढताहेत. निघाली एक चिमुकली स्टीलची डबी. "मूठ पुढे कर, भिया," त्या म्हणाल्या. इकडे भैयाचा भिया होतो. मी केली. कुंकवात घोळलेले चार दाणे तळहातावर पडले. "आता ऐक. मंगळवारी तू मला सर्दीची जी गोळी दिलीस, तिची कहाणी सांगते. पुरी होईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक बघायचं नाही."

कहाणी अशी, की ती गोळी घेऊन बेनजी शाळेला जायच्या बसमध्ये बसल्या, टोंकखुर्द आलं तरी गाढ झोपेत राहिल्या आणि शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरनं त्यांना "माताजी, घर नहीं जाना?" म्हणून उठवलं. शाळा बुडाली याचा राग होताच, पण 'माताजी' जास्त झोंबलं होतं. कंडक्टरच्या आवाजात कंडक्टर, स्वतःच्या आवाजात स्वतः, असं सगळं त्यांनी करून दाखवलं. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं आपापली दुखणी विसरून हसत होती. मी मूठ मिटून उभा. शेवटी त्या म्हणाल्या, "गोळी चांगली होती. झोप येते हे तू सांगितलं नाहीस. अब से बोलत जा. झाली कहाणी. ठेव दाणे देवापुढे." मी गल्ल्यावरच्या गणपतीपुढे दाणे ठेवले. तेव्हापासून माझ्या दुकानातून सर्दीची गोळी "झोप येईल हं" म्हटल्याशिवाय गेलेली नाही.

कहाणी ऐकताना हातात अक्षता धरायच्या आणि संपली की देवापुढे ठेवायच्या, ही रीत आमच्याकडच्या घराघरांत होती. पवारांच्या दरबाराबरोबर जी मराठी घरं इकडे आली, त्यांनी येताना देव आणले, आडनावं आणली आणि ह्या रीती आणल्या. बाकीच्यांनी ही रीत श्रावणापुरती ठेवली. बेनजींनी ती बारमाही केली आणि तिला स्वतःचा कायदा जोडला. "दाणे हातात असेपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही, आणि सांगणाऱ्यानं पदरचं घालायचं नाही." कुणी मध्येच मोबाईल उचलला की त्या बोलणं थांबवून हात पुढे करत. "दे परत." दाणे परत गेले की त्या माणसाला उरलेली गोष्ट जिन्यात बसून ऐकावी लागे. माझा एक मेहुणा इंदूरहून आला होता, तो असाच जिन्यात बसला. मोठा अधिकारी माणूस, पण निमूटपणे बसला.

त्यांचं नाव विमल. पण शाळेतल्या बाईला इकडे बहनजी म्हणतात आणि माळव्याच्या तोंडी त्याचं बेनजी होतं, म्हणून साऱ्या देवासच्या त्या बेनजी. टोंकखुर्दच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर हिंदी शिकवलं. घरात मात्र त्यांची मराठी पणजीच्या काळातली. नणंदेला 'वन्सं', शेजारच्या म्हाताऱ्यांना 'भावोजी', सकाळच्या खाण्याला 'न्याहारी'. आणि त्या जुन्या मराठीत मध्येच 'खैर', मध्येच 'मतलब'. दोन्ही भाषांना त्या सारख्याच दरडावत असत.

त्यांच्या नवऱ्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं. बापूराव जगदाळे धामनोदला ट्रकवाल्यांच्या एका ऑफिसात हिशेबनीस होते. पुढे ते धारला भावाकडे राहायला गेले. जाताना बायकोला म्हणाले, "शाळा सोड आणि धारला ये." बेनजींनी शाळा सोडली नाही. बापूराव परत आले नाहीत. मधे दुसरी बाई नाही, कोर्टकचेरी नाही, आरडाओरडा नाही. आधी महिने गेले, मग वर्षं गेली आणि मग दोघंही रिटायर झाले. बेनजी त्यांचा उल्लेख 'धारवाले' असा करत. "दिवाळीला धारवाल्यांचा फोन होता," इतकंच. त्या आवाजात ना गोडवा, ना कडवटपणा.

रिटायर झाल्यावर त्यांनी दोन कामं धरली. टोंकखुर्दच्या ज्या मुलींना दहावीच्या बोर्डाची धास्ती असे, त्या शनिवारी-रविवारी सकाळच्या बसनं देवासला येत आणि बेनजींच्या पुढच्या खोलीत बसून हिंदीचं व्याकरण घोटत. त्या गेल्या की रविवारी दुपारी चारला त्याच खोलीत आमचं वाचन. बेनजी मराठी पुस्तक मोठ्यानं वाचणार, आम्ही ऐकणार. आम्ही म्हणजे मी, समोरच्या शिंदेवहिनी, वीज मंडळातून निवृत्त झालेले भोसलेसाहेब, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करणारी ऋचा आणि अधूनमधून येणारे आणखी काही जण. यातले निम्मे मराठी फाडफाड बोलतात, पण पुस्तक हातात दिलं की जांभया देतात. सगळ्यांचं शिक्षण हिंदीत झालेलं. मीही त्यातलाच, उगाच शहाणपणा कशाला करू?

ज्या पुस्तकामुळे हे सगळं लिहितो आहे, ते ऋचानं आणलं. पुण्याच्या तिच्या मामेबहिणीनं वाढदिवसाला दिलेलं. 'नावडतीचं यान', भाग पहिला. ऋचा ते घेऊन बेनजींकडे आली आणि म्हणाली, "बेनजी, दोन पानं वाचली और मेरा तो सिर घूम गया. बोलते मी मराठी, पण वाचायला घेतली की लगता है कोई और ही भाषा है."

"अक्षरं तीच, बाराखडी तीच. अडतं कुठे? आळस आहे," बेनजी म्हणाल्या. "खैर. मूठ पुढे कर."

आपल्या कहाण्यांमध्ये राजाला दोन राण्या असतात. आवडती महालात राहते आणि नावडती गोठ्यात. जाडंभरडं नेसते, शिळंपाकं खाते आणि गुरं राखते. त्या तरुण लेखिकेनं ही नावडती उचलून पुढच्या कुठल्यातरी शतकात नेऊन ठेवली होती. राजाचं राज्य म्हणजे आकाशात तरंगणारं एक नगर. त्या नगराच्या पार कडेला, जिथे बाहेरचा काळोख सुरू होतो, तिथे गोठा. गोठ्यात गाईंच्या ऐवजी मोडकी यंत्रं. नावडती ती दुरुस्त करते. नगरातली हवा, पाणी, उजेड सगळं तिच्या हातून चालतं आणि महालात कुणालाच ते माहीत नाही. दर वर्षी एक भाग यायचा. भोसलेसाहेबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "राणीनं पेचकस धरायचा? आमच्या घराण्यात बायका..." बेनजींनी हात पुढे केला. "भावोजी, दाणे." भोसलेसाहेब गप्प बसले आणि पुढची चार वर्षं एकही रविवार चुकवला नाही.

पाचवा भाग शेवटचा. तो येणार म्हटल्यावर आमच्यात पैजा लागल्या. शिंदेवहिनींचं म्हणणं, राजाला पश्चात्ताप होणार आणि नावडतीची आवडती होणार. सगळ्या कहाण्यांत होते तशी. ऋचाचं म्हणणं, नावडती यान घेऊन निघून जाणार आणि राजा हात चोळत बसणार. मला वाटत होतं, आवडती राणीच काहीतरी घोटाळा करणार. बेनजींना विचारलं तर त्या म्हणत, "वाचणाऱ्यानं पुढचं पान बघायचं नसतं." आणि त्या खरोखरच बघत नसत. गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटच्या प्रकरणाला आलो. त्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. मी दुकान सुरू असायच्या वेळीसुद्धा शटर ओढून आलो होतो.

शेवट असा होता. नगरातला उजेड गेलेला. नावडती गोठ्यात बसून एकेक दिवा जोडते आहे. निम्मं नगर उजळलंय, निम्मं अंधारात. तेवढ्यात राजा येतो. एकटा, पायी, मुकुट हातात घेऊन. म्हणतो, "चुकलं माझं. चल घरी." आणि मग पुस्तकातलं शेवटचं वाक्य, जे बेनजींनी नेहमीच्याच आवाजात वाचलं: राजा दाराशी उभा होता, तिनं दिव्याची काच पुसली आणि पुढची तार उचलली.

बेनजींनी पुस्तक मिटलं, आपले दाणे देवापुढे ठेवले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. आम्ही मुठी मिटून तसेच.

"पान उलटा ना," शिंदेवहिनी म्हणाल्या.

"संपलं," बेनजी आतून म्हणाल्या.

"असं कसं संपलं? राजा बसला का? ती गेली का त्याच्याबरोबर?"

भोसलेसाहेबांनी पुस्तक उचललं, चष्मा कपाळावर चढवला, बांधणी तपासली आणि माझ्याकडे वळले. "पान गळलंय. छापखान्याचा गोंधळ. अवि, उद्या दुकानदाराला फोन लाव, म्हणावं दुसरी प्रत पाठवा."

"काका, सबकी कॉपी में यही है," ऋचा म्हणाली. तिनं मोबाईल काढला होता आणि आज कुणी तिला जिन्यात पाठवत नव्हतं. पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या वाचकांनी जो गदारोळ केला होता, तो ती एकेक करून वाचू लागली. कुणी लिहिलं होतं, चार वर्षं वाट पाहायला लावून हा शेवट? कुणी लेखिकेचा जाहीर निषेध केला होता. एका बाईंनी पुस्तक माळ्यावर टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत उतरवलं होतं. एकानं सहावा भाग स्वतःच लिहायला घेतला होता आणि त्यात राजाला गोठ्यातल्या यंत्रात अडकवलं होतं. एका मुलीनं एवढंच लिहिलं होतं की मी रडले आणि का ते सांगता येत नाही. भोसलेसाहेबांसारखे पान गळलंय म्हणणारेही पुष्कळ निघाले. ते ऐकून साहेबांना जरा बरं वाटलं.

पण आमची अडचण त्या सगळ्यांहून मोठी होती. पुण्यातला वाचक पुस्तक मिटून झोपायला जाऊ शकत होता. आमच्या मुठीत अक्षता होत्या. कहाणी पुरी झाली नाही तर त्या ठेवायच्या कुठे? टाकून देणं शक्य नव्हतं. "बेनजी, तुम्ही कशा ठेवल्यात?" ऋचानं विचारलं. "कहानी तो अधूरी है."

"माझी पुरी झाली," बेनजी कपबशा मांडत म्हणाल्या. "तुमची तुम्ही बघा."

तेव्हा सगळे आपापले दाणे घेऊन घरी गेले. शिंदेवहिनींनी पदराच्या टोकाला बांधले, भोसलेसाहेबांनी चष्म्याच्या घरात ठेवले, ऋचानं मोबाईलच्या कव्हरमागे. त्या आठवड्यात दुकानात ब्लडप्रेशरच्या गोळ्या कमी आणि राजाबद्दलच्या चर्चा जास्त झाल्या. भोसलेसाहेब चष्म्याचं घर काउंटरवर आपटून म्हणत, "राजा स्वतः चालत आलाय! पायी! बाईनं निदान बस म्हणायला नको?"

त्याच आठवड्यात एका सकाळी बेनजी दुकानात आल्या. डबी काढली नाही. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "धारवाल्यांचा फोन होता. भाऊ गेल्यापासून तिथे करमत नाही म्हणतात. देवासला येऊन राहू का, असं विचारताहेत."

"मग?"

"मग काय? गुडघ्याचं मलम दे."

मी कुणाला काही बोललो नाही. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं. कसं ते देवासला राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पुढच्या रविवारी वाचायला काहीच नव्हतं, तरी झाडून सगळे आले. चर्चा राजाचीच, पण आता सगळ्यांच्या आवाजात एक सावधपणा होता. शिंदेवहिनी म्हणाल्या, "मी म्हणते, माणूस चुकतो. म्हातारपणी एकट्यानं कुठे जाईल तो? राजा, मी राजाबद्दल बोलतेय." भोसलेसाहेब म्हणाले, "शेवटी लग्नाचा नवरा आहे. राजा झाला म्हणून काय झालं." ऋचा एकदम उसळली. "बिलकुल नहीं! इतने साल कहाँ था? तिनं दार लावून घ्यायला पाहिजे. धाडकन." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती बेनजींकडे बघायला लागली.

बेनजी सगळं ऐकत होत्या. मला त्या वेळी त्यांची फार काळजी वाटली. गल्लीचं ऐकून त्यांनी हो म्हटलं असतं तर ज्या खोलीत बोर्डाच्या मुली बसत, तिथे पहिल्याच महिन्यात कॉट आली असती. नाही म्हटलं असतं तर उरलेलं आयुष्य लोकांनी त्यांना कठोर ठरवलं असतं. मला कुठलंच उत्तर बरोबर वाटत नव्हतं. बेनजींनी सगळ्यांचा चहा होऊ दिला आणि मग म्हणाल्या, "अवि, पुढच्या रविवारी गाडी काढशील? धारला जायचंय."

आम्ही सकाळी निघालो. बेनजींनी बरोबर पाचवा भाग घेतला होता. मिठाई नाही, फळं नाही. इंदूर मागे पडेपर्यंत त्या टोंकखुर्दच्या एका मुलीबद्दल बोलत होत्या. तिला संधी आणि समास यातला फरक काही केल्या कळत नव्हता. मी वाट पाहत होतो, पण बापूरावांचा विषय निघाला नाही.

बापूराव भावाच्या घरात वरच्या खोलीत राहत होते. खोली नीटनेटकी होती. कॉट, रेडिओ, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. माणूस उंचीला बेनजींपेक्षा कमी, डोळे नितळ. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. तुम्ही या. बसा." त्यांनी बायकोला 'तुम्ही' म्हटलं. बेनजी खुर्चीवर बसल्या. बापूराव तब्येतीचं सांगू लागले, पुतण्याचं सांगू लागले. बेनजींनी पर्समधून डबी काढली.

"मूठ पुढे करा."

त्यांनी केली. बेनजींनी पुस्तकातली आधीची सगळी हकीकत थोडक्यात सांगितली आणि शेवटचं प्रकरण वाचलं. त्याच आवाजात, एकही शब्द कमी-जास्त न करता. बापूराव मान खाली घालून ऐकत होते. तिनं पुढची तार उचलली, इथे बेनजी थांबल्या.

"मग?" बापूरावांनी विचारलं. "राजा बसला का?"

बेनजी हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्या हातात दाणे नव्हते, तरी मी उठलो नाही.

"सगळे मला राजाचंच विचारतात," त्या म्हणाल्या. "भोसलेभावोजी विचारतात, शिंदेवहिनी विचारतात, ती ऋचा भांडते तीही राजावरूनच. बसला का, उभा राहिला का, परत गेला का. तिच्या हातात काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. कुठल्या घरी अजून अंधार होता? ती तार कुठली होती? कुणी विचारलं? तिनं काम पुढे चालू ठेवलं. माझी कहाणी तिथे पुरी झाली."

बापूरावांनी आपल्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी इतका वाईट होतो का, विमल?"

"वाईट नव्हतात. वाईट माणसाला मी फोनवरच नाही म्हटलं असतं, एवढं पेट्रोल जाळून आले नसते. शाळा सोड म्हणालात, त्याचंही मला फार लागलं नाही. पण त्याआधी एकदा तरी विचारायचं होतं, शाळेत तू करतेस काय? मी सांगितलं असतं. मला सांगायचं होतं." हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज किंचित हलला. त्यांचा आवाज हललेला मी ऐकला तो तेवढाच.

"आता विचारू?"

"मी सांगितलं म्हणून नका विचारू."

"मग मी देवासला येऊ नको?"

"देवासला माझी शाळा आहे."

"शाळा तर सुटली ना तुमची?"

"माझी सुटली. पोरींची सुटली नाही." बेनजी उठल्या. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी इथे येईन. पहिल्या भागापासून वाचीन. ऐकायचं असेल तर दार उघडं ठेवा."

बापूराव आम्हाला सोडायला खाली आले. गाडी वळवताना मी आरशात पाहिलं, तर ते फाटकाशी उभे होते आणि त्यांची मूठ अजून मिटलेलीच होती. बेनजींनी मागे पाहिलं नाही. बायपासला लागल्यावर त्या म्हणाल्या, "कुठेतरी चहा पाज, भिया. आज मला फार बरं वाटतंय." खरंच त्यांचा चेहरा खुलला होता. चहाबरोबर त्यांनी माझ्या वाटणीची कचोरीही खाल्ली.

त्यांनी शब्द पाळला. महिन्याचा पहिला रविवार धारचा. कधी मी नेत असे, एरवी त्या इंदूरला बस बदलून जात. मुलींचा तास त्या आठवड्यात शनिवारीच, आमचं वाचन त्या रविवारी बंद, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. परत आल्या की मी विचारायचो, "धारवाले कुठवर आले?"

"पहिल्या भागात गोठ्यापाशी आलेत."

"प्रश्न विचारतात?"

"राजाचेच." मग एकदा म्हणाल्या, "आज विचारलं, यंत्र बिघडलंय हे तिला बाहेरूनच कसं कळतं. थोडं आहे, पण प्रगती आहे." दहावीच्या मुलीच्या पेपरवर शेरा मारावा तसं त्या म्हणाल्या.

ऋचानं त्या हिवाळ्यात पाचवा भाग स्वतः वाचून काढला. बेनजींनी काहीतरी गाळलं असणार, असा तिला संशय होता. बोट ठेवून, एकेक ओळ, कधी कपाळाला हात लावत. काहीच गाळलेलं नव्हतं. मग तिनं मागचे चार भागही काढले. एका रविवारी बेनजींनी न बोलता पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः हातात दाणे घेऊन आमच्यात सतरंजीवर येऊन बसल्या. ऋचा अडखळत वाचत होती. बेनजींनी एकदाही तिला सुधारलं नाही. हिंदीचा तास असता तर छडीच काढली असती.

गेल्या माघात बेनजी गेल्या. झोपेतच, पहाटे. आदल्या दिवशी शनिवारच्या मुलींना त्यांनी अलंकार शिकवायला घेतले होते आणि ते अर्धेच झाले होते. अंत्यविधीला बापूराव धारहून थेट स्मशानात आले आणि पुतण्याबरोबर तिथूनच परत गेले. धारला गेल्यापासून बेनजींच्या घराची पायरी ते कधीच चढले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे उठावना असतो. लोक येतात, फोटोला फूल वाहतात, थोडं बसतात आणि जातात. बेनजींच्या त्याच खोलीत सतरंजी घातली होती. कोपऱ्यात टोंकखुर्दच्या मुली ओढण्यांनी डोळे पुसत बसल्या होत्या. भोसलेसाहेब भिंतीला टेकून बसले होते. ऋचा सगळ्यांना पाणी देत होती. मी मधूनमधून जिन्याकडे पाहत होतो, आणि एका वेळी पाहिलं तर बापूराव वर येत होते. ते दारापाशी आले आणि थांबले.

बसा असं कुणी म्हणेना. राजाला बसू द्या म्हणून वर्षभर भांडलेल्या शिंदेवहिनीही खाली बघत होत्या. दुकानात दर माणसाला बसा म्हणणारा मी, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. बापूरावांनी चपला काढल्या नाहीत, आत पाऊल टाकलं नाही. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या मुलींकडे, आणि जरा वेळानं हळू आवाजात विचारलं, "तिचं कुठलं काम राहिलंय?"

मग ऋचा म्हणाली, "बोर्डाची परीक्षा आलीये यांची. हिंदी अर्धंच झालंय."

"हिंदी व्याकरण मला येत नाही," बापूराव म्हणाले. "गणित येतं. गणित घेईन मी. दर रविवारी येईन."

ऋचानं पाण्याचा ट्रे खाली ठेवला आणि दाराशी गेली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"गणित में ही सब अटकी हैं," ती म्हणाली. "आत या, काका. बसा."